टायरची जन्मतारीख

जालन्याच्या मोंढ्यातील एखाद्या आडत व्यापाऱ्याच्या घरासमोरचे मे महिन्यातील दृश्य डोळ्यांपुढे आणावे. नागपूरला भाचीचे लग्न आहे. पहाटे पाचला निघायचे ठरले आहे, म्हणून आदल्या दुपारीच गाडीत बॅगा, फराळाचे डबे, पाण्याचे कॅन आणि आहेराच्या साड्यांचे गाठोडे रचले जात आहे. गाडी आठ वर्षांपूर्वी घेतलेली, पण धावली जेमतेम तीस हजार किलोमीटर. दुकान घरापासून चालत दहा मिनिटांवर. गाडी बाहेर निघते ती मंदिराला, दवाखान्याला, नाहीतर अशा एखाद्या लग्नकार्याला. नातू म्हणतो, “बाबूजी, टायर एकदा दुकानात दाखवून घेऊ या का?” बाबूजी चाकाकडे एक नजर टाकतात. “अरे, नक्षी बघ, अगदी नव्यासारखी आहे. गाडी धावलीच कुठे?”

हे हिशेबात मुरलेल्या माणसाचे उत्तर आहे आणि तरीही ते चुकीचे आहे. हेच बाबूजी बियाण्याच्या पिशवीवरची मुदत वाचल्याशिवाय माल उचलत नाहीत. पिशवी फोडलेली नाही, दाणा टपोरा दिसतो, म्हणून मुदत संपलेले बियाणे शेतकऱ्याच्या हाती देण्याचा विचारही त्यांच्या मनाला शिवणार नाही. टायरलाही अशीच मुदत असते. तो धावून झिजतो, तसाच नुसता उभा राहूनही म्हातारा होतो. या दोन घसाऱ्यांपैकी पहिला डोळ्यांना दिसतो, दुसरा बहुधा दिसत नाही. आणि व्यापारी घरांतील कमी धावणाऱ्या, निगुतीने ठेवलेल्या गाड्यांना खरा धोका असतो तो या दुसऱ्याचा.

पूर्वी या न दिसणाऱ्या घसाऱ्याची परीक्षा क्वचितच होत असे. खड्डे, गावे, बैलगाड्या आणि रेल्वेची फाटके यांतून वाट काढणारी गाडी ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढे फार वेळ जातच नसे. समृद्धी महामार्गाने हे चित्र पालटले. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी अखेरचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा असलेला हा सरळसोट काँक्रीटचा रस्ता आहे. तेथे सिग्नल नाही, बाजारपेठ नाही, वेग कमी करावा असे काहीच वाटेत येत नाही. चालकाला ते सुखाचे वाटते. चाकाला मात्र तासन्‌तास विसावा मिळत नाही. मार्ग सुरू झाल्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांची इतकी चर्चा झाली, की परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम हाती घेतली.

या वेगात टायरवर काय गुदरते, ते साध्या गणिताने कळते. अनेक मध्यम मोटारींना बसणाऱ्या १५ इंची टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर भरतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने असे चाक दर सेकंदाला १७ वेळा फिरते, म्हणजे तासाला साठ हजारांहून अधिक फेरे. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग जमिनीला टेकताना दबतो आणि सुटताना पुन्हा पूर्ववत होतो. तार वारंवार वाकवली की ती गरम होते, तसेच इथे घडते. आणि एवढ्या वेगाने धावणाऱ्या, माणसांनी व सामानाने भरलेल्या गाडीला रस्त्याशी जोडून ठेवणारी जागा किती, तर प्रत्येक चाकाखाली साधारण तळहाताएवढी.

रबर म्हातारे होते म्हणजे काय होते? हवेतील प्राणवायू आणि ओझोन यांच्या संपर्काने रबराची लवचिकता हळूहळू कमी होते; ते कडक व ठिसूळ बनते. हे टाळण्यासाठी टायर बनवताना रबरात संरक्षक रसायने आणि मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. चाक फिरते, दबते, तेव्हा हे पदार्थ आतून पृष्ठभागाकडे येत राहतात आणि रबराला पातळ कवच देतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ही हालचाल थांबते. म्हणूनच उभ्या गाडीच्या टायरच्या बाजूवर केसासारख्या बारीक भेगा लवकर दिसू लागतात. त्याहून चिंतेची गोष्ट नजरेआड घडते. नक्षीच्या थराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात आणि त्यांना धरून ठेवणारे रबर आतल्या आत कोरडे पडत जाते. अशा टायरने वर्षभर मंदिराची फेरी बिनतक्रार केलेली असते. मात्र दुपारच्या उन्हात दोन तास सलग वेगाने धावताना त्याचा वरचा थर पट्ट्यांपासून सुटू शकतो.

अमेरिकेने हा धडा फार मोठ्या किमतीला घेतला. फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या गाड्यांवरील फायरस्टोन टायरांचे थर धावता धावता सुटू लागले आणि ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवण्यात आले. अडीचशेहून अधिक मृत्यूंचा संबंध या टायरांशी जोडला गेला. टायरच्या घडणीतील दोष हा त्यातील वादाचा मुख्य विषय होता. पण ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांतच घटना अधिक घडल्या, आणि उष्णता, वेग, ओझे व टायरमधील कमी हवा यांचा मेळ किती घातक ठरतो, हे त्या चौकशीतून जगापुढे आले. मराठवाडा आणि विदर्भातील मे महिन्याची दुपार ॲरिझोनापेक्षा फारशी सौम्य नसते.

टायरची जन्मतारीख त्याच्याच अंगावर कोरलेली असते. बाजूच्या भिंतीवर डी, ओ, टी या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १६१८ असे आकडे असतील, तर तो टायर २०१८ सालच्या सोळाव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर तयार झाला. पुष्कळदा ही संपूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूस असते आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला आलेली असते. मग मोबाइलचा दिवा लावून, वाकून, चाकामागे डोकावावे लागते. एकदा हे आकडे वाचून विमा आणि पीयूसीच्या तारखांशेजारी लिहून ठेवले, की पुन्हा वाकण्याचे काम नाही. चारही टायर एकाच तारखेचे असतील असे गृहीत धरू नये. मध्येच एखादा बदललेला असतो आणि तो घरात कोणाच्या लक्षातही नसतो.

वय किती झाले म्हणजे बदलावे? काही मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात. काही टायर कंपन्यांच्या मते पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी व्हावी, आणि दहा वर्षांनंतर टायर कितीही चांगला दिसला तरी तो काढून टाकावा. या दोन मर्यादांच्या मध्ये निर्णय घेताना आपल्याकडील ऊन, उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि रस्त्यांवरील धक्के यांचा विचार केला, तर सहा वर्षे हीच मर्यादा शहाणपणाची ठरते. सहा वर्षांपुढचे टायर घेऊन द्रुतगती मार्गावर कुटुंबासह जाणे म्हणजे चार टायरांचे पंचवीस-तीस हजार रुपये वाचवण्यासाठी नको त्या गोष्टी पणाला लावणे होय.

आता हवेविषयी. या बाबतीत एक समज घरोघरी पक्का बसला आहे: उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून टायर फुटू नये यासाठी हवा थोडी कमीच ठेवावी. हा समज उलटा आहे आणि घातक आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, जास्त वाकली की जास्त तापते, आणि ही साठलेली उष्णताच टायरचा घात करते. धावताना टायर तापून दाब थोडा वाढतो, हे खरे. पण ती वाढ टायर बनवताना हिशेबात धरलेली असते. किती हवा भरावी, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पूर्ण आसने आणि सामान असताना, विशेषतः मागच्या चाकांसाठी, निराळा आणि अधिक आकडा दिलेला असतो. आठवड्याच्या खेपेत एकटा माणूस आणि लग्नाला जाताना भरलेली गाडी, यांना एकच दाब कसा चालेल? टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा मात्र कमाल मर्यादेचा असतो, तो भरण्याचा आकडा समजू नये. हवा तपासावी ती सकाळी, चाके थंड असताना. वाटेत पंपावर थांबून गरम टायरमधली ‘जास्त झालेली’ हवा सोडणे म्हणजे थंड झाल्यावर ती कमी पडणार याची तजवीजच करणे. नायट्रोजनचा पुष्कळ गवगवा होतो. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजन असतोच. तो भरल्याने दाब थोडा सावकाश उतरतो, एवढा लाभ खरा. पण नायट्रोजन भरला म्हणून तपासणी टाळणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

नक्षीची झीज ओळखणे तुलनेने सोपे आहे. नक्षीच्या खोल चरांत तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. ते कुठे आहेत ते दाखवणारी टी, डब्ल्यू, आय ही अक्षरे किंवा लहानसा त्रिकोण टायरच्या कडेला कोरलेला असतो. उंचवट्याची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली, की टायरची कायदेशीर मुदतही संपली. नव्या टायरच्या चरांची खोली साधारण सात-आठ मिलिमीटर असते. या चरांचे काम रस्त्यावरचे पाणी बाजूला सारण्याचे. चर उथळ झाले, की पाणी चाकाखाली अडकते, टायर त्या थरावर तरंगू लागतो आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही क्षणभर निकामी होतात. म्हणून अनेक जाणकार कायद्याच्या मर्यादेची वाट न पाहता खोली तीन मिलिमीटरवर आली, की पावसाळ्यापूर्वीच टायर बदलण्यास सांगतात. घाटातून कोकणात उतरणाऱ्या किंवा जुलैत महाबळेश्वरला जाणाऱ्या कुटुंबांनी हे मनावर घ्यावे.

झीज कुठे झाली आहे, तेही पाहावे. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा बराच काळ कमी होती. मधलाच पट्टा झिजला असेल तर जास्त होती. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेले आहे. ते दुरुस्त न करता नवे टायर बसवले तर काही महिन्यांत तेही तसेच खाल्ले जातात.

काही खुणा दिसल्या तर वय आणि नक्षी यांचा विचारही करीत बसू नये. खड्ड्यात किंवा दुभाजकावर आदळल्यानंतर टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आला, तर आतील दोरे तुटले आहेत असे समजावे. त्याला दुरुस्ती नाही. तो कधी फुटेल याचा नेम नसतो. भिंतीला किंवा कडेच्या खांद्याला खिळा लागून पडलेले छिद्रही दुरुस्त करण्याजोगे नसते, पंक्चरवाला कितीही आत्मविश्वासाने सांगो. ठराविक वेगाला सुकाणू थरथरू लागले आणि बॅलन्सिंग करूनही थरथर गेली नाही, तर टायर आतून सुटत असण्याची शक्यता असते.

टायर घेताना व्यापाऱ्याची नजर कामी येते. जुन्या टायरवर, समजा, १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिलेले आहे. त्यातील पहिले आकडे रुंदी, उंची आणि रिमचे माप सांगतात. ८८ म्हणजे त्या एका टायरला ५६० किलो भार पेलता येतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. माप तेच, पण भाराचा किंवा वेगाचा दर्जा गाडीच्या पुस्तिकेतील नोंदीपेक्षा कमी असलेला टायर स्वस्तात मिळाला, तर तो सौदा नाकारावा. विक्रेत्याकडून तयार होण्याची तारीख पाहूनच माल घ्यावा. सवलतीत निघणारे टायर पुष्कळदा दोन-तीन वर्षे पडून राहिलेले असतात. जुन्या बाजारात चर पुन्हा कोरून काळा रंग दिलेले टायरही मिळतात. त्यांच्या वाटेला कोणी जाऊ नये. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर टायरचे क्रमांक लिहून घ्यावेत, कारण हमीचा दावा त्यावरच उभा राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा विनाबिलाच्या मोहाला आता फारसे कारण उरलेले नाही.

चारही टायर एकदम बदलणे उत्तम. दोनच बदलायचे असतील, तर एकाच आसावर एकाच बनावटीची जोडी बसवावी आणि नवी जोडी मागे लावावी. इथे दुकानदाराशी बहुधा वाद होतो. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, सुकाणू पुढच्या चाकांना, मग नवे टायर मागे कशाला, असे तो विचारतो. उत्तर पावसात मिळते. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली, तर गाडी वळायला नकार देते, पण वेग उतरवला की ताब्यात येते. मागची चाके घसरली, तर गाडी भोवऱ्यासारखी गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. ट्यूबलेस टायरसोबत रबरी व्हॉल्व्हही नवा घालावा. त्याची किंमत किरकोळ असते आणि जुना व्हॉल्व्ह तडकला तर नवा टायरही रिकामा होतो. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच वेळी उरकावे, पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा तपासून घ्यावेत, आणि नव्या टायरवरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावे.

स्टेपनीला सारे विसरतात. हा शब्दच मुळी वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तेथे १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा व्यवसाय सुरू झाला आणि तिकडे विस्मृतीत गेलेले नाव भारतात अजून तोंडी आहे. सामानाखाली दडलेल्या त्या चाकाची जन्मतारीख गाडीइतकीच जुनी असते आणि त्यात हवा असेलच असे नाही. काही गाड्यांत स्टेपनी अरुंद असते. ती बसवल्यावर सहसा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते. टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना २०२० पासून स्टेपनीविना विकण्याची मुभा आहे, म्हणून नव्या गाडीत ती आहे की नाही, हे रस्त्यावर अडकण्यापूर्वी पाहून ठेवावे.

एवढे करूनही टायर फुटलाच, तर पहिला मोह ब्रेक करकचून दाबण्याचा होतो. तो आवरावा. सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट व सरळ धरावे, ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश काढावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. फुटलेल्या चाकाच्या दिशेने गाडी ओढली जाते. डावे पुढचे चाक फुटले तर ती रस्त्याच्या कडेला खेचली जाते, आणि साध्या महामार्गांवर त्या कडेने माणसे चालत असतात. चातुर्मास संपल्यावर शेषकाळात विहार करणारे साधू-साध्वी भल्या पहाटे त्याच कडेने निघालेले असतात, हे जैन घरांना वेगळे सांगायला नको. गाडी पुरेशी मंदावल्यावरच हलका ब्रेक लावून ती शक्य तितकी डावीकडे घ्यावी, चारही दिवे लुकलुकते ठेवावेत, लाल त्रिकोण बऱ्याच अंतरावर मागे मांडावा. बायकामुलांना गाडीत किंवा गाडीच्या मागे उभे करू नये. सर्वांनी कठड्यापलीकडे जावे. चाक बदलण्याची घाई पुष्कळदा टायर फुटण्याहून जिवावर बेतते. द्रुतगती मार्गावर मदतपथकाला बोलावून थांबणे हेच इष्ट.

जालन्याच्या त्या अंगणात नातू फरशीवर आडवा पडून चाकामागे मोबाइलचा उजेड पाडतो. “एक, सहा, एक, आठ,” तो वाचतो. बाबूजी बोटांवर वर्षे मोजतात आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणतात, “सामान उतरवून ठेवा. टायरवाला सकाळी नऊला उघडतो. उद्या निघायला दुपार होईल, नागपूरला तसे कळवून टाका.”